वीस बाइटचा बॅकअप: डेटाबेसची साधने अद्ययावत करताना

गिरगावातील एका जुन्या ग्रंथालयाची सभासद नोंदणी मी काही वर्षे सांभाळतो आहे. कार्यालयात दोन संगणक आहेत. एकावर पोस्टग्रेस हा डेटाबेस चालतो आणि दुसरा संगणक दररोज रात्री दोन वाजता त्याचा बॅकअप घेऊन स्वतःकडे ठेवतो. दोन्ही ठिकाणी डेबियन लिनक्स आहे. २०२४ च्या जुलैमध्ये, पावसाने सलग तीन दिवस झोडपल्यानंतर, डेटाबेसच्या संगणकाची डिस्क कुरकुर करू लागली. ग्रंथपाल बाईंचा फोन आला, "अहो, पडदा मधेच अडकतोय, जरा येऊन बघता का?" मी गेलो आणि सर्वांत आधी बॅकअपची यादी उघडली. फायली रोजच्या रोज तयार झालेल्या होत्या, त्यांची नावे आणि तारखाही बिनचूक होत्या. मात्र आकाराच्या रकान्यात जूनच्या मध्यापासून प्रत्येक ओळीत एकच आकडा होता: २०, २०, २०. किलोबाइट किंवा मेगाबाइट नव्हेत, वीस बाइट.

फाइल दाबून लहान करणाऱ्या 'जीझिप' या साधनाला काहीच दिले नाही, तर ते रिकाम्या मजकुराचीही रीतसर फाइल बांधते. सुरुवातीचे शीर्षक दहा बाइटचे, रिकाम्या खंडाचे दोन आणि शेवटच्या पडताळणीचे आठ, असे ते वीस बाइट. म्हणजे महिनाभर आम्ही दररोज रात्री शून्याची काळजीपूर्वक घडी घालून कपाटात ठेवत होतो. सुदैवाने डिस्क अजून वाचता येत होती आणि त्याच दुपारी खरी प्रत काढता आली. हे घडले कसे याचा उलगडा करू लागल्यावर कमांड लाइनवरच्या डेटाबेस साधनांच्या अपडेटचा सगळा विषयच समोर येतो, म्हणून तो येथे पहिल्यापासून मांडतो.

आपण ज्याला एका शब्दात 'डेटाबेस' म्हणतो, त्याचे दोन स्वतंत्र भाग असतात. माहिती प्रत्यक्ष सांभाळणारा, सतत चालू असलेला प्रोग्रॅम म्हणजे सर्व्हर. टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून त्या सर्व्हरशी बोलणारे छोटे प्रोग्रॅम म्हणजे क्लायंट साधने. पोस्टग्रेसमध्ये प्रश्न विचारायला 'पी-एस-क्यू-एल' आहे, प्रत काढायला 'पीजी-डम्प' आणि ती परत भरायला 'पीजी-रिस्टोर' आहे. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसांचीही अशीच स्वतःची साधने आहेत. हे दोन्ही भाग वेगवेगळ्या पॅकेजांमध्ये येतात, बहुधा वेगवेगळ्या संगणकांवर बसवलेले असतात आणि त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी अद्ययावत होतात. एक भाग पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला, की त्यांच्या संभाषणात कुठे तरी गाठ बसते.

आमच्याकडे तेच झाले होते. जूनमध्ये मी डेटाबेसचा संगणक डेबियन ११ वरून १२ वर नेला आणि त्याबरोबर पोस्टग्रेस १३ वरून १५ वर आणला. बॅकअप घेणारा संगणक मात्र डेबियन ११ वरच राहिला, म्हणजे त्यावरचे पीजी-डम्प १३ चेच होते. पीजी-डम्पचा नियम स्पष्ट आहे: आपल्यापेक्षा जुन्या सर्व्हरची प्रत ते काढते, पण आपल्यापेक्षा नव्या मुख्य आवृत्तीच्या सर्व्हरची प्रत काढायला ते साफ नकार देते. नव्या सर्व्हरमध्ये माहिती ठेवण्याचे जे प्रकार आले असतील ते जुन्या साधनाला ठाऊक नसतात, आणि अर्धवट प्रत काढण्यापेक्षा थांबणे हे केव्हाही बरे, असा त्यामागचा विचार आहे. तो मला पूर्णपणे पटतो. साधन थांबले आणि 'सर्व्हर व्हर्जन मिसमॅच' असा स्पष्ट संदेशही त्याने दिला. दोष ते बोलणे ऐकणाऱ्या व्यवस्थेत होता.

आमच्या स्क्रिप्टमध्ये पीजी-डम्पचा मजकूर पाइपमधून थेट जीझिपकडे जात होता. युनिक्सच्या शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पाइपने जोडलेल्या आज्ञांचा निकाल म्हणजे नेहमीच्या रीतीने शेवटच्या आज्ञेचा निकाल. पहिली आज्ञा कोसळली तरी शेवटच्या जीझिपने आपले काम नीट केले होते, त्यामुळे शेलच्या लेखी सगळे यशस्वी ठरले. त्रुटीचा संदेश क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्या सेवेने, त्याच संगणकावरच्या स्थानिक टपालपेटीत टाकला होता. ती पेटी कोणी कधी उघडलीच नव्हती. बॅश शेलमध्ये 'पाइपफेल' नावाचा पर्याय सुरू केला की साखळीतील कोणतीही एक कडी तुटली तरी संपूर्ण साखळी अयशस्वी धरली जाते. स्क्रिप्टच्या डोक्यावरची ती एक ओळ नसल्यामुळे आमचा महिना गेला.

साधन आणि सर्व्हर जुळतात का हे ओळखण्यासाठी आवृत्तीचे आकडे वाचता येणे गरजेचे आहे. पोस्टग्रेसमध्ये २०१७ साली आलेल्या १० व्या आवृत्तीपासून पहिला आकडा मुख्य आवृत्तीचा आणि दुसरा किरकोळ दुरुस्तीचा असतो. त्याआधी ९.५ आणि ९.६ या दोन वेगळ्या मुख्य आवृत्त्या होत्या, त्यामुळे जुने लेख वाचताना गोंधळ होतो. मुख्य आवृत्ती साधारण दरवर्षी येते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. किरकोळ दुरुस्त्या दर तिमाहीला येतात आणि त्यांनी डिस्कवरची मांडणी बदलत नाही, म्हणून त्या वेळच्या वेळी लावाव्यात. मुख्य आवृत्ती बदलणे हे मात्र घर बदलण्यासारखे आहे. जुने सामान एक तर डम्पने, म्हणजे पीजी-डम्पने काढलेल्या प्रतीने, बांधून नव्या घरी उलगडावे लागते किंवा 'पीजी-अपग्रेड' या साधनाने आहे तसे हलवावे लागते.

लिनक्सच्या वितरणांची, म्हणजे लिनक्स आणि त्यावरचे प्रोग्रॅम एकत्र बांधून देणाऱ्या संचांची, आणखी एक रीत नवख्यांना चकवते. डेबियन किंवा उबुंटूसारखी वितरणे आपल्या स्थिर आवृत्तीत एक मुख्य आवृत्ती गोठवतात: डेबियन १२ मध्ये पोस्टग्रेस १५, डेबियन १३ मध्ये १७, उबुंटू २४.०४ मध्ये १६. आपण रोज अपडेट केले तरी तेथे मुख्य आवृत्ती पुढे सरकत नाही, फक्त दुरुस्त्या येत राहतात. कित्येक पॅकेजांत तर मूळ आकडा तोच ठेवून सुरक्षेची दुरुस्ती मागच्या दाराने आत आणलेली असते. त्यामुळे "आकडा जुना, म्हणजे धोका" हा निष्कर्ष घाईचा ठरतो आणि "रोज अपडेट करतो, म्हणजे सगळे नवे" हा समजही तितकाच चुकीचा ठरतो.

प्रत काढणाऱ्या साधनाइतके प्रश्न विचारणारे साधन कडक नसते. जुने पी-एस-क्यू-एल नव्या सर्व्हरला जोडले जाते, साधे प्रश्नही चालतात, पण उलट्या तिरक्या रेघेने सुरू होणाऱ्या सोयीच्या आज्ञा अडखळतात. तक्त्याची रचना दाखवणारी 'डी' ही आज्ञा सर्व्हरच्या अंतर्गत नोंदवह्या वाचते आणि त्या नोंदवह्यांचे रकाने मुख्य आवृत्तीगणिक बदलू शकतात. २०१९ मध्ये पोस्टग्रेस १२ ने 'रेल-हॅज-ओआयडीज' नावाचा एक रकाना काढून टाकला, तेव्हा ११ च्या पी-एस-क्यू-एलमध्ये ही आज्ञा देणाऱ्यांना "असा रकानाच नाही" असे उत्तर मिळू लागले. डेटाबेस बिघडला असे समजून अनेकांचा जीव टांगणीला लागला. बिघडलेले काहीच नव्हते, केवळ विचारणारा जुना होता.

म्हणून माझा आग्रह असा आहे, की साधने सर्व्हरच्या आधी अद्ययावत करावीत. पोस्टग्रेस १५ पासूनचे पीजी-डम्प ९.२ पर्यंतच्या जुन्या सर्व्हरशी बोलू शकते, त्यामुळे साधन पुढे असण्यात सहसा अडचण येत नाही. मुख्य आवृत्ती बदलतानाही जुन्या सर्व्हरची प्रत नव्या आवृत्तीच्या पीजी-डम्पनेच काढावी, कारण पुढच्या घरात काय कुठे ठेवायचे हे त्यालाच ठाऊक असते.

किरकोळ दुरुस्त्या निरुपद्रवी असतात या नियमाला अलीकडे एक महत्त्वाचा अपवाद घडला. साध्या मजकुराच्या रूपात काढलेला डम्प म्हणजे प्रत्यक्षात आज्ञांची एक लांबलचक यादी असते आणि ती भरताना पी-एस-क्यू-एल प्रत्येक ओळ पाळत जाते. या साधनाला शेलच्या आज्ञा चालवण्याची मुभाही आहे. मूळ सर्व्हरवर सर्वाधिकार असलेल्या दुष्ट व्यक्तीने डम्पमध्ये अशी एखादी ओळ घुसवली, तर ती भरणाऱ्याच्या संगणकावर चालू शकते, ही त्रुटी ऑगस्ट २०२५ मध्ये १७.६, १६.१० आणि त्याच दिवशी आलेल्या इतर आवृत्त्यांत दुरुस्त झाली. तेव्हापासून डम्पच्या आरंभी 'रिस्ट्रिक्ट' आणि शेवटी 'अनरिस्ट्रिक्ट' अशा ओळी येतात. मधल्या भागात पी-एस-क्यू-एलच्या स्वतःच्या आज्ञांना मज्जाव असतो आणि यादृच्छिक किल्ली जुळल्याशिवाय तो उठत नाही. दुरुस्ती चांगलीच आहे. पण दुरुस्ती न केलेल्या जुन्या पी-एस-क्यू-एलला 'रिस्ट्रिक्ट' हा शब्दच ठाऊक नसतो, त्यामुळे ते पहिल्याच पानावर "अवैध आज्ञा" म्हणून तक्रार करते.

मारियाडीबीमध्ये याच जातीचा प्रकार वर्षभर आधी घडला होता. मे २०२४ च्या आवृत्त्यांपासून तिच्या डम्पची पहिली ओळ ही भरणाऱ्या साधनाला 'सँडबॉक्स' अवस्थेत, म्हणजे शेलच्या आज्ञा बंद ठेवून, काम करायला सांगते. मायएसक्यूएलचे साधन किंवा मारियाडीबीचे जुने साधन त्या ओळीवरच अडते आणि पहिल्याच ओळीत अनोळखी आज्ञा असल्याचे सांगून थांबते. ती ओळ कापून टाकली की फाइल चालते. फाइल स्वतःच्या सर्व्हरची असेल तर हा उपाय तात्पुरता ठीक आहे. दुसरीकडून आलेल्या फाइलला मात्र तो कधीही करू नये, कारण आपण नेमके कुलूपच काढून ठेवत असतो.

मारियाडीबी ही मायएसक्यूएलमधून २००९ साली फुटलेली शाखा. तिच्या साधनांची नावेही हळूहळू बदलली आहेत: 'मायएसक्यूएल' ऐवजी 'मारियाडीबी' आणि 'मायएसक्यूएलडम्प' ऐवजी 'मारियाडीबी-डम्प'. ११ व्या आवृत्तीपासून जुन्या नावाने हाक मारली, तर काम होते, पण आधी "हे नाव पुढे बंद होईल" असा इशारा येतो. ज्या स्क्रिप्टमध्ये त्रुटींचे संदेश आणि खरा मजकूर एकाच फाइलमध्ये ओतलेले असतात, तेथे हा इशारा डम्पच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि भरण्याच्या वेळी खड्यासारखा दाताखाली येतो. मायएसक्यूएलकडेही असे कोपरे आहेत. ८.० चे डम्प साधन ५.७ च्या सर्व्हरला 'कॉलम स्टॅटिस्टिक्स' नावाचा तक्ता मागते आणि तो तेथे नसल्याने थांबते, तो पर्याय शून्य करून द्यावा लागतो. ८.० पासून संकेतशब्द पडताळण्याची मूळ पद्धतही बदलली, म्हणून जुन्या साधनांना दारातच अडवले जाते.

आपल्यासारख्या मराठीत माहिती ठेवणाऱ्यांना मात्र ८.० मधला तिसरा बदल सर्वांत जवळचा आहे. त्याआधी मायएसक्यूएलची मूळ वर्णमाला, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत, 'लॅटिन-१' होती आणि ८.० मध्ये ती 'यूटीएफ-८ एमबी-४' झाली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. कित्येक जुन्या नोंदण्यांत मराठी मजकूर लॅटिन-१ च्या जोडणीतून लॅटिन-१ च्याच रकान्यात भरलेला आहे. सर्व्हर ते बाइट न वाचता ठेवून घेत असे आणि मागताच तसेच परत देत असे, म्हणून पडद्यावर "सावित्री" नीटच दिसे. साधन अद्ययावत झाले, त्याने यूटीएफ-८ मध्ये मजकूर मागितला, की सर्व्हर त्या बाइटना युरोपीय अक्षरे समजून प्रामाणिकपणे रूपांतर करतो आणि प्रत्येक देवनागरी चिन्हाच्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात. माहिती नष्ट झालेली नसते, ती दुहेरी वेष्टनात असते. घाबरून याच अवस्थेत नवी नावे टाइप करत राहिले, तर मात्र एकाच तक्त्यात दोन प्रकारचे मराठी तयार होते आणि मग ते निवडून वेगळे करणे म्हणजे तांदळातले खडे वेचण्याचे काम. अशा वेळी आधी जोडणीची वर्णमाला जुन्यासारखी करून डम्प काढावा, वेष्टन एकदाच सोडवावे आणि मगच पुढे जावे.

एसक्यूलाइट या छोटेखानी डेटाबेसला वेगळा सर्व्हर नसतो, एकच फाइल आणि एकच साधन. २००४ पासून तिच्या फाइलची मांडणी सुसंगत राहिली आहे, हे फार मोठे सुख आहे. तरीही नव्या साधनाने 'स्ट्रिक्ट' प्रकारचा तक्ता बनवला, जो २०२१ च्या ३.३७ मध्ये आला, तर त्याहून जुने साधन ती फाइल उघडून वाचायला नकार देते. शिवाय ३.४१ पासून हे साधन दुहेरी अवतरणातील शब्दाला मजकूर मानत नाही, रकान्याचे नाव मानते. वर्षानुवर्षे चालत आलेली ढिलाई बंद झाली, आणि बरेच झाले.

आता ज्या अपडेटची मला सर्वांत धास्ती वाटते त्याकडे येतो, कारण त्यात कोणताही संदेश न येता बिघाड होऊ शकतो. पोस्टग्रेस शब्दांचा क्रम लावताना बहुतेक ठिकाणी लिनक्सच्या 'जीलिबसी' या पायाभूत लायब्ररीला, म्हणजे सर्व प्रोग्रॅम वापरतात त्या तयार कोडच्या संचाला, विचारते. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या तिच्या २.२८ आवृत्तीत क्रम लावण्याचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेबियन ९ वरून १० वर किंवा रेड हॅट ७ वरून ८ वर जाताना ही रेघ ओलांडली जाते. फरक डोळ्यांनी बघता येतो. गिरगावातल्या चाळींत खोली क्रमांक १-१ असाही लिहितात आणि ११ असाही. हेच दोन क्रमांक इंग्रजी आकड्यांत दोन ओळींवर लिहून अमेरिकी इंग्रजीच्या मांडणीत 'सॉर्ट' या आज्ञेला दिले, तर जुन्या लायब्ररीत ११ आधी येतो आणि नव्या लायब्ररीत १-१ आधी येतो.

एवढ्याने काय बिघडते, असे वाटेल. डेटाबेसचा इंडेक्स हा ग्रंथालयातल्या कार्डांच्या खणासारखा असतो. कार्डे एका क्रमाने लावलेली आहेत या विश्वासावर शोधणारा माणूस खण मधून उघडतो आणि डावीकडे जायचे की उजवीकडे हे ठरवतो. रातोरात क्रमाचा नियम बदलला आणि कार्डे जुन्याच क्रमात राहिली, तर तो चुकीच्या बाजूला जातो आणि "असे पुस्तक आपल्याकडे नाही" असे पूर्ण खात्रीने सांगतो. पुस्तक समोरच्या कपाटात असते. सभासद क्रमांक दोनदा येऊ नये हा निर्बंधही याच खणावर विसंबून असल्याने एकाच क्रमांकाचे दोन सभासद नोंदले जाऊ शकतात. डम्प काढून नव्याने भरले, तर इंडेक्स नव्या क्रमाने बांधले जातात आणि प्रश्न उरत नाही. पीजी-अपग्रेड मात्र इंडेक्स आहेत तसे उचलते, आणि केवळ ऑपरेटिंग सिस्टिम जागच्या जागी बदलली तरी इंडेक्स जुनेच राहतात. पोस्टग्रेस १५ पासून जोडणी करतानाच क्रमनियमाची आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा मिळतो. तो गप्प करणारी आज्ञा त्याच इशाऱ्यात सुचवलेली असते, म्हणून अनेक जण तीच आधी देतात. तिने फक्त इशारा थांबतो. आधी मजकुरावरचे सर्व इंडेक्स 'रीइंडेक्स'ने पुन्हा बांधावेत आणि मगच ती आज्ञा द्यावी.

पोस्टग्रेस १७ मध्ये ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून नसलेला अंगभूत क्रमनियमही आला आहे. तो अक्षरांच्या संकेतांकानुसार चालतो, त्यामुळे त्यात 'ळ' हा 'व'च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेप्रमाणे 'ह'नंतर नाही. आतल्या शोधासाठी हा नियम आणि वाचकांसमोरच्या यादीसाठी मराठीचा क्रम, अशी विभागणी मला योग्य वाटते.

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीने पीजी-अपग्रेडचे एक जुने दुखणे कमी केले. पूर्वी मुख्य आवृत्ती बदलल्यावर प्रश्न जलद सोडवण्यासाठी लागणारी आकडेवारी पुसली जात असे आणि ती पुन्हा गोळा होईपर्यंत सर्व्हर मंदावे. आता त्यातील बहुतेक आकडेवारी बरोबर येते. मात्र १८ मध्ये नवा डेटाबेस बांधताना डिस्कवरील पानांची तपासबेरीज, म्हणजे पान बिघडले का हे ओळखण्यासाठीची बेरीज, आपोआप सुरू असते. जुन्या ठिकाणी ती बंद असेल, तर पीजी-अपग्रेड पुढे जात नाही. एक तर जुन्या बाजूला ती सुरू करून घ्यावी, नाही तर नवी बाजू तिच्याशिवाय बांधावी. डिस्कने दगा देण्याच्या बेतात असताना काय होते ते पाहिल्यामुळे मी पहिला मार्ग धरीन.

राहता राहिला प्रश्न, कोणते साधन खरोखर चालते आहे. एकाच संगणकावर एका साधनाच्या दोन-तीन प्रती असणे नित्याचे आहे: एक ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर आलेली, एक आपण बसवलेली. शेल 'पाथ' या, साधने कुठे शोधायची त्या जागांच्या यादीत पहिली सापडेल ती चालवते आणि बॅश तर एकदा सापडलेला पत्ता लक्षात ठेवते, त्यामुळे नवी प्रत बसवूनही चालू टर्मिनलमध्ये जुनीच धावत राहते. 'टाइप' या आज्ञेला 'ए' जोडून दिले की सर्व प्रती दिसतात आणि 'हॅश' आज्ञेला 'आर' जोडून दिले की शेल जुना पत्ता विसरते. क्रॉनची पाथची यादी आपल्या टर्मिनलपेक्षा पुष्कळ तोकडी असते, म्हणून हाताने चालवून पाहिलेली स्क्रिप्ट रात्री वेगळेच साधन उचलू शकते. स्क्रिप्टमध्ये साधनाचा पूर्ण पत्ता लिहावा आणि पहिल्या ओळीत साधनाची व सर्व्हरची आवृत्ती नोंदवहीत उतरवून घ्यावी.

ग्रंथालयात आता दोन्ही संगणकांवरील साधने एकाच दिवशी बदलली जातात, बॅकअपच्या संगणकावरची आधी. स्क्रिप्ट पाइपफेलसह चालते आणि तयार झालेली फाइल आदल्या दिवशीच्या निम्म्याहून लहान असेल तर माझ्या फोनवर संदेश येतो. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी ताजी प्रत एका रिकाम्या डेटाबेसमध्ये भरतो. ग्रंथपाल बाई त्यांच्या कागदी नोंदवहीतून आठवड्याभरात दाखल झालेल्या कोणा एका सभासदाचे नाव वाचतात, मी ते भरलेल्या प्रतीत शोधतो आणि पत्ता, वर्गणी, घरी नेलेले पुस्तक त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. जुळले की बाई नोंदवहीच्या समासात तारीख घालून सही करतात.